सवतीचं न्हाण

ईस्टरच्या आधीचा गुरुवार उजाडला की ग्लेब राजाच्या लाकडी कोटात सकाळपासून धांदल असे. नदीवरचा बर्फ तडकायला लागलेला, अंगणभर चिखल, चिखलावर टाकलेल्या फळ्या आणि त्या फळ्यांवरून बादल्या घेऊन एकमेकींवर खेकसत ये-जा करणाऱ्या बायका. त्या दिवशी न्हाणीघर तापवायचं ते जित्यांसाठी नाही, घरातल्या मेलेल्यांसाठी. कढत पाणी, अंगावर झोडून घ्यायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी, बाकावर दूध, अंडी आणि मांस. उपवासाचे दिवस असल्यामुळे जित्यांच्या ताटात आंबवलेला कोबी; मेलेल्यांना कसला आलाय उपवास? पाद्रीबुवांना हे बिलकूल पसंत नव्हतं, म्हणून ते त्या दिवशी न्हाणीघराकडे बघतच नसत.

खुंट्यांवर प्रत्येकाच्या नावाचा कोरा पांढरा झगा टांगायचा, जमिनीवर चाळलेली राख पसरायची आणि दार लोटून घ्यायचं. दुसऱ्या सकाळपर्यंत आत कुणी जायचं नाही. सकाळी राखेत पाखराच्या नखांसारख्या रेघा दिसल्या की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. आले, न्हाले, गेले.

अग्राफेना राणी माडीच्या खिडकीतून हे सगळं बघत उभी होती. तिला सहावा महिना लागला होता आणि पाठ दुखत होती, पण तिथून हलवत नव्हतं. कारण खाली फळीवरून तिचा नवरा चालला होता. दोन्ही हातांवर एक झगा आडवा धरून, झोपलेलं लेकरू न्यावं तसा. झग्याच्या काठाला लाल दोऱ्याचं भरतकाम होतं. आजोबा-पणजोबांचे झगे नोकरांनी नेले. हा एकच राजा स्वतः नेत होता.

प्रेदस्लावा. त्याची पहिली बायको. बाळंतपणात गेली, त्याला आता चार वर्षं झाली होती.

"काठाचा रंग कुणी निवडला?" अग्राफेनानं विचारलं.

दाई नेझ्का अंथरुणं झटकत होती. ती प्रेदस्लावाच्या माहेराहून तिच्यासोबत आलेली, आणि ती गेल्यावर इथेच राहिलेली. "राजांनीच की. दरसाल तेच निवडतात. तिला लाल फार आवडायचा."

"आणि मला कुठला आवडतो गं?"

"ते मला काय ठाऊक, राणीसाहेब? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"त्यांनी कधी विचारलं नाही!"

दाईनं उशी जरा जोरातच झटकली. "मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा? जेवायला मागत नाही, भांडत नाही."

हेच तर होतं. जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडता तरी आलं असतं. ही म्हातारी होत नव्हती, चुकत नव्हती, राजाला उलटून बोलत नव्हती. अग्राफेनानं तीन वर्षं त्याच्या आवडीचं रांधून घेतलं, त्याच्या आजारपणात उशाशी बसली, आणि तो डोळे मिटून 'प्रेदा' म्हणाला. कालच तिच्या पोटावर हात ठेवून तो म्हणाला होता, "मुलगी झाली तर प्रेदस्लावाच ठेवू नाव." चालेल का, हेही विचारलं नाही. म्हणजे आता पोटच्या पोरीलाही रोज तीच हाक मारायची! अग्राफेना रात्रभर धुमसत पडली होती.

दुपारी सगळा कोट चर्चमध्ये गेला. पाठदुखीचं निमित्त करून ती मागे राहिली आणि खांद्यावरून शाल ओढून थेट न्हाणीघरात गेली.

आत वाफ दाटली होती. भिजलेल्या बर्चचा वास, तापल्या दगडांची धग. राखेत तिची पावलं उमटली. डाव्या पायाची चारच बोटं. लहानपणी थंडीनं करंगळी गेली होती. लाल काठाचा झगा तिनं खुंटीवरून ओढला. फक्त अंगाला लावून बघायचा होता. पण कापड इतकं मऊ होतं की तिला राहवेना. तिनं पोशाख आणि आतला स्वतःचा झगा उतरवला आणि तो लाल काठाचा अंगात घातला.

झगा पोटावर नेमका बसला. गरोदर बाईच्याच मापाचा शिवला होता.

'घालू दे तिला जुनंपुराणं,' ती मनात म्हणाली. खुंटी रिकामी दिसू नये म्हणून तिनं तिथे आपला वापरलेला झगा अडकवला. मागे सरकत केरसुणीनं राख सारखी केली. दार लोटताना आत पाण्यात पळी बुडाल्याचा आवाज झाला. मग एक निःश्वास. बराच वेळ ताटकळत उभं असलेलं माणूस एकदाचं बाकावर टेकावं, तसा.

उंदीरबिंदीर असेल, असं म्हणत ती चिखल तुडवत घरी आली. तो झगा तिनं पोशाखाच्या आत तसाच ठेवला.

रात्रीच्या जेवणाला राजानं पहिल्यांदाच तिच्या शेजारची जागा घेतली. तिच्या ताटलीतला कोबी उचलून खाल्ला. "आठवतं का गं, नाव उलटली होती आणि तू माझ्याच नावानं बोटं मोडत होतीस?"

ती खळखळून हसली. "तुम्हीच वल्हं सोडलंत! वर मलाच म्हणालात, पोहायला शीक!"

तोही हसला. तिला इतकं बरं वाटलं की आपण त्याच्याबरोबर कधी नावेत बसलोच नव्हतो, हे अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आलं. तोवर त्याचा हात तिच्या केसांत होता. मग तिनं विचार केला नाही. दाईनं दिवा मालवताना 'नीज गं पोरी' म्हटलं. तीन वर्षांत म्हातारीच्या तोंडून 'राणीसाहेब'खेरीज काही निघालं नव्हतं.

सकाळी सगळे न्हाणीघराच्या दाराशी जमले. दाईनं दार उघडलं आणि खाली वाकली.

"अगं बाई! ही तर माणसाची पावलं."

पावलं बाकापासून दारापर्यंत आली होती आणि परत गेली होती. ओली, ठसठशीत. अग्राफेना पुढे सरकली. राख तर तिनं सारखी केली होती.

डाव्या पावलाला चारच बोटं होती.

"माझीच आहेत ती," ती घाईघाईनं म्हणाली. "मी काल इथे आले होते. चुकलं माझं."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. राजा गुडघ्यांवर बसला होता. त्या चार बोटांवरून त्यानं हलकेच बोट फिरवलं.

"आली," तो म्हणाला. "माझी अग्राफेना आली."

"अहो, मी इथे आहे!"

"आहेस गं, प्रेदा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू आहेसच."

दाई डोळे पुसत होती. "बिचारी! तीनच वर्षं राहिली, पण किती मायेनं केलं सगळ्यांचं."

अग्राफेनानं डाव्या पायातला बूट ओढून काढला. मोजाही काढला. चिखलात उघडं पाऊल टेकवून बघितलं.

करंगळी जागेवर होती.

"पाणी कढत होतं ना?" राजानं दाईला विचारलं. "तिला अगदी चटका बसेल असं लागायचं."

"होतं, राजे."

हे त्याला ठाऊक होतं? तीन वर्षं ती मन मारून कोमट पाण्यानं न्हाली, आणि त्याला ठाऊक होतं?

तो उठला. त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. डोळे मात्र राखेवर होते.

"मुलगी झाली तर अग्राफेनाच ठेवू नाव."

नाही, असं तिला ओरडायचं होतं. त्या मेलीचं नाव माझ्या पोरीला नको! मग ते नाव कुणाचं हे तिला आठवलं. तरीही पोटात तीच जुनी आग भडकली, काही केल्या विझेना.

खुंटीवरचा वापरलेला झगा ओलाचिंब झाला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. राजानं तो उतरवला, दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि फळीवरून जपून पावलं टाकत घराकडे निघाला. ती एका पायात बूट घालून चिखलात उभी होती. मागून येतेय की नाही, हे त्यानं वळून बघितलं नाही.