शेटजींनी दिलेली खोली

खोटं वाटेल, पण उर्मिलामावशींनी हे देवाच्या पायावर हात ठेवून सांगितलंय.

गेल्या जुलैतला शुक्रवार. भर दुपार. जागा, शारजातली एक जुनी बैठी चाळ.

वासुदेवशेटजींचा मसाल्यांचा मोठा व्यापार. आयुष्यभर राबलेल्या, मागे मूलबाळ नसलेल्या आपल्या माणसांसाठी त्यांनी ती चाळ ठेवली होती. ड्रायव्हर खैरुद्दीनचाचा, गोदामातले म्हातारे आणि घरी स्वयंपाक करणाऱ्या उर्मिलामावशी.

"डोळे मिटेपर्यंत खोली तुमची," शेटजी म्हणायचे. रोज दुपारी येऊन प्रत्येकाची विचारपूस करायचे.

शेटजी गेले. मग एक दिवस त्यांचा मुलगा दर्शन आला. मावशींच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. त्याने मावशींच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मावशी, चाळीचं मेंटेनन्स काढलंय. थोडे दिवस सगळ्यांनी बाहेर राहा, इन्शाल्ला लगेच परत या. तू सांगितलंस तर ऐकतील."

मावशींनी सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं.

मावशी अजमानला भाचीकडे, प्रज्ञाकडे गेल्या. देव मात्र खोलीतच राहिले होते. ते आणायला त्या शुक्रवारी दर्शननेच त्यांना गाडीतून नेलं.

चाळीवर बोर्ड लागला होता. विकली गेली होती.

"दर्शन... हे काय रे?"

"खलास मावशी, झालं ते झालं. तू देव घे. यल्ला, चल लवकर, मला मीटिंग आहे."

मावशी गाडीतून उतरल्या.

वीज तोडलेली. सगळ्या दारांना नवी कुलपं. दर्शनने मावशींच्या दाराला किल्ली लावली... आणि हात तसाच थांबला.

आत कोणीतरी चालत होतं.

सावकाश. पाय ओढत.

मग खाकरल्याचा आवाज आला...

तो आवाज दोघांनीही ओळखला.

"सगळी कुठे गेली?" आतून शेटजींनी विचारलं. "माझ्या माणसांना कोणी काढलं?"

दर्शनच्या कपाळावरून घाम ओघळला. मावशींना वाटलं, आता तरी हा पोरगा बापाची माफी मागेल.

दर्शन दारापाशी वाकला.

"मी नाही, बाबा," तो म्हणाला. "उर्मिलामावशीनेच काढलं. विचारा कोणालाही."

आतली पावलं थांबली.

"उर्मिला?"

मावशींनी तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. दर्शन केव्हाच गाडीकडे पळाला होता.

कुलूप बाहेरून लागलेलंच होतं. तरी आतली कडी निघाल्याचा आवाज आला...

मावशी देव न घेताच पळाल्या.

चाळ पाडून झाली. दर्शन दुबई मरीनाच्या फ्लॅटवर मजेत आहे. त्याला पुन्हा काहीच ऐकू आलं नाही.

गेल्या आठवड्यात मावशी भाजी आणायला गेल्या होत्या. प्रज्ञा घरी एकटीच होती. मावशींच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

तिने ढकलून पाहिलं.

आतून एक म्हातारा माणूस शांतपणे म्हणाला, "ती आली, की आत पाठव."