पहिला ग्लास शेवटच्या स्टुलाला

दुपारी भाचा स्वतः बाजारात गेला, दोन डझन लिंबं एकेक दाबून निवडून घेऊन आला आणि त्यातल्या बारा लिंबांचा पाक करून ठेवला. बंदरासमोरच्या त्या हॉटेलात सगळे त्याला भाचाच म्हणत. वय छत्तीस, बारच्या काउंटरमागे दहा वर्षं उभा, तरी भाचाच. कारण त्याच्या आधी मुख्य जागी त्याचा मामा होता. आठवड्यापूर्वी मामा वारला, पण ते नाव काही सुटलं नाही.

मामाने त्याला सगळं शिकवलं, एक जिमलेट सोडून. आता त्यात शिकवण्यासारखं आहे काय? जिन, लिंबाचा पाक, बर्फ. खळखळ हलवायचं, गार ग्लासात गाळायचं, वर लिंबाची चकती. पूर्वी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सडून दात गळायचे म्हणून त्यांना लिंबाचा रस देत. तो घशाखाली उतरावा म्हणून कुणीतरी त्यात जिन ओतली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. पण जिमलेट करायची वेळ आली की मामा भाच्याला बर्फ आणायला पिटाळायचा. "दात गेले, पण हात नाही गेला," असं म्हणत बोळकं पसरून हसायचा. चाळिशीतच मामाचे सगळे दात पडले होते. भाचा चिडायचा, पण सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं होतं. मालकांचे सासरे म्हणजे निवृत्त कप्तान. ते रोज चार वाजता येत, जिमलेट मागत, एक घोट घेत आणि ग्लास सरकवून देत. सहा दिवस हेच चाललं होतं. मालकांनी बजावलं होतं, "आज त्यांनी ग्लास संपवला तर तू कायम. नाहीतर उद्या येऊ नकोस." घरी दोन मुली, आजारी आई. भाच्याला रात्रभर झोप नव्हती.

चार वाजता कप्तान आले. बारमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी घोट घेतला.

"यात लिंबू नाही."

भाच्याचं डोकंच फिरलं. "बारा लिंबांचा पाक आहे हो, कप्तानसाहेब! आता काय रक्त ओतू?"

"चव घेऊन बघ."

त्याने घेतली. जिन होती, साखर होती. आंबटपणाचा मागमूस नव्हता. त्याने एक लिंबू कापलं. वरून हिरवंगार, आत कोरडा चोथा. दुसरं कापलं, तिसरं कापलं, तेच. बर्फाच्या मशीनची घरघर एकाएकी थांबली. काउंटरच्या पार टोकाला दिव्याचा उजेड पोचत नव्हता; तिकडून गंजाचा आणि कुजलेल्या पाण्याचा वास येऊ लागला.

"तुझा मामा पहिला ग्लास तिकडे ठेवायचा..." कप्तान हळूच म्हणाले. "शेवटच्या स्टुलासमोर."

"कुणासाठी?"

"आमचं जहाज पाच महिने अडकलं होतं... रसाच्या थोड्या बाटल्या उरल्या होत्या. त्या मी माझ्या जिमलेटसाठी कुलपात ठेवल्या. एक खलाशी रोज दाराशी येऊन मागायचा... शेवटी त्याला बोलताही येईना. तोंडात एकही दात उरला नव्हता."

भाच्याला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. पाप यांचं, आणि नोकरी जाणार माझी! दातओठ खात त्याने त्याच पाकाचं एक जिमलेट हलवलं आणि शेवटच्या स्टुलासमोर आदळलं. "घे बाबा! ढोस एकदाचं!"

स्टूल करकरलं, जड माणूस बसल्यासारखं. मग मशीन पुन्हा घरघरू लागलं. भाच्याने कप्तानांसाठी दुसरं केलं, चकतीसाठी लिंबू कापलं, तर रसाची चिळकांडी थेट डोळ्यात उडाली.

कप्तानांनी तो ग्लास एका दमात संपवला. "उद्याही पहिला तिकडेच," ते म्हणाले, आणि भाच्याच्या तोंडाकडे न बघता निघून गेले. पाच मिनिटांत मालकांचा फोन आला. कायम!

सहा दिवसांचं ओझं उतरलं. भाचा शीळ घालत शेवटच्या स्टुलाकडे गेला, पण शीळ काही वाजेना, नुसतीच हवा जात होती. ग्लास रिकामा होता. चकतीची फक्त चोखलेली साल उरली होती. तळाशी काहीतरी खुळखुळलं म्हणून त्याने ग्लास उजेडात धरला. दात होता. समोरचा, अख्खा, मुळासकट.

पण त्या खलाशाला तर दातच नव्हते, असं त्याच्या मनात आलं, आणि जीभ आपोआप पुढे गेली. तिथली जागा रिकामी होती. दुखलं मात्र अजिबात नव्हतं.