उंबऱ्याचं माप

१९३४ साली जालन्याच्या कादराबादेतलं एक दोनशे वर्षांचं घर मी दुरुस्त केलं. मी भुजंग मिस्त्री. पाणसळ आणि ओळंबा सोडून कशावर भरवसा ठेवायचा नाही, हा माझा स्वभाव. मालकीण मैमूनाबी. त्यांचे यजमान गुलाम नबी वर्षापूर्वी वारले होते. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांचे डोळे गेले. याच घरात जन्मले आणि भिंतीला हात लावत सत्तर वर्षं इथंच वावरले. दालानापासून आतल्या खोलीपर्यंत, कमरेच्या उंचीवर, त्यांच्या बोटांनी गिलाव्यावर तुळतुळीत पट्टा पडला होता.

"नवं करा मिस्त्री, पण माप बिलकुल जुनंच ठेवा," मैमूनाबी म्हणाल्या. "ते अजून येऊन राह्यले. काही हललं तर रस्ता चुकतील."

मला हसू आलं, पण त्यांची माया पाहून ते दाबलं. हो म्हणालो.

खांब, तुळया जागच्या जागी ठेवल्या. गिलावा फुगला होता, तो पाडला. आतल्या खोलीचा उंबरा वाळवीनं पोखरलेला. नवा सागवानी बसवताना मी तो दोन बोटं उंच घेतला. पावसाचं पाणी आत शिरायचं, म्हणून. मोठा शहाणपणा केला आणि बाईंना सांगितलं नाही.

चुन्याचा गिलावा करून संध्याकाळी कुलूप घातलं. मैमूनाबी तेवढे दिवस शेजारी राहत होत्या; किल्ली माझ्या खिशात.

सकाळी ओल्या चुन्यात चार बोटांचा पट्टा उमटलेला. कमरेच्या उंचीवर, सरळ उंबऱ्यापर्यंत. तिथं मात्र बोटं खोल रुतून खाली घसरली होती.

कचरू नावाचा मजूर हाताखाली होता. त्याच्यावर मी तोंडसुख घेतलं.

"काल मी तुमच्यासंगंच गेल्तो की," तो म्हणाला. "मंग मी कवा केलं?"

खरं होतं. चुना सारखा केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, आणि ओरखडे पार जमिनीपर्यंत.

मैमूनाबी आल्या. ओरखड्यांत आपली बोटं घालून पाहिली आणि रडू लागल्या.

"पडले. सत्तर सालात इथं कधी अडखळले न्हाईत. काय केलंत मिस्त्री?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी उंबरा काढून बराबर जुन्या मापाचा बसवला.

तिसऱ्या सकाळी पट्टा न अडखळता खोलीत गेला होता. तो मी तसाच वाळू दिला.

सत्तेचाळीस साली मैमूनाबी गेल्या. त्यांचा भाचा लालमियाँ यानं घराला चुना द्यायला बोलावलं. मी जाड हात मारला, पट्टा झाकला, कुलूप लावलं.

सकाळी विसरलेला कुंचा आणायला गेलो.

पट्टा परत उमटला होता. त्याच्याखाली वीतभर अंतरावर दुसरा, बारीक बोटांचा. दोन्ही उंबरा ओलांडून सरळ आत गेलेले.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. सोबत मिळाली बिचाऱ्यांना.

मग अंगणात कुंचा धुताना आठवलं, आणि हात पाण्यातच राहिले.

मैमूनाबींना भिंत धरून चालायची कधी गरज पडली नव्हती. शेवटच्या आठवड्यातही सुईत दोरा त्या स्वतःच ओवत होत्या. मग आता तिकडून येताना त्यांना भिंत का चाचपावी लागत होती?