तेवीस जणांची कळपट्टी

शाल्मलीने बशीतली शेवटची जिलेबी उचलली, क्षणभर मनगटाकडे पाहिलं आणि ती नानांना न देता आईच्या ताटलीत ठेवली.

"नानांना नको. त्यांनी आत जाऊन एक खाल्लीय. केव्हाची धाकधूक होतेय त्यांना."

रक्तातली साखर वाढलेल्या नानांनी, तिच्या आजोबांनी, घाईघाईने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आईने, योगिताने, नवऱ्याला कोपराने ढोसलं. वाटून खाणारी हीच का ती मुलगी? दोन महिन्यांपूर्वी वर्गात रडत असलेल्या मैत्रिणीला हीच म्हणाली होती, "जरा बाजूला होऊन रड ना, फळा दिसत नाही." त्यावरून शाळेतून बोलावणं आलं होतं. नऊ वर्षांची आपली एकुलती एक मुलगी दगडाच्या काळजाची निघाली, म्हणून योगिता दोन दिवस नीट जेवली नव्हती.

शाळेनेच उपाय सुचवला. सहसंवेदनी, म्हणजे मुलांच्या मनगटावर बांधायची एक मऊ पट्टी. मोठ्यांच्या हातात आरोग्य-घड्याळं एव्हाना होतीच, जळगावात भाजीवाल्यांच्यासुद्धा. नाडीची गती, तळव्याला सुटणारा घाम, आवाजातला कंप ती दिवसभर टिपत असत. घड्याळवाल्याने परवानगी दिली की ती माहिती मुलाच्या पट्टीकडे जाई आणि पट्टी ती स्पर्शातून जाणवून देई. राग आला की चटका, भीती वाटली की आवळ, दुःख झालं की गारवा. कुणाचं ते नावही बारीक अक्षरांत उमटे. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून घरात तिची कळपट्टी झाली.

पट्टीच्या अर्जात लिहिलं होतं, 'जवळच्या व्यक्तींची नावे भरा.' किती, ते लिहिलं नव्हतं. अर्ज तयार करणारा बहुधा तीन माणसांच्या घरात वाढला असावा. योगिताच्या नवऱ्याने, भूषण खैरनारने, लग्नपत्रिकेत निमंत्रक छापावेत तशी मानाप्रमाणे नावं भरली. थोरल्या भावाचं घातलं म्हणून धाकट्याचं, बहिणीचं, सुलभाताईचं घातलं म्हणून तिच्या मिस्टरांचं, मिस्टरांचं घातलं म्हणून त्यांच्या आईचं. पूर्वी एका साखरपुड्याच्या पत्रिकेत एक नाव राहिलं होतं, तर त्यापायी चार वर्षांचा अबोला त्याने सोसला होता. एकूण तेवीस नावं झाली. सगळ्यांनी आनंदाने परवानगी दिली. मान कुणाला नको असतो?

पट्टीचा गुण मात्र आठवड्यात आला. भूषण गणिताची वही नाचवत ओरडत होता, तर शाल्मलीने शांतपणे मनगट चाचपलं.

"पप्पा, तुम्हाला राग नाही आलेला. तुम्ही घाबरलात."

"मी? मी कशाला घाबरू?"

"ते पट्टी सांगत नाही. पण आवळ खूप आहे. पाणी आणू?"

भूषण उभ्याचा खाली बसला. अपूर्णांक आपल्यालाही कधी जमले नाहीत, हे त्याने बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं.

मुलीसमोर भांडायचं नाही, असा या नवरा-बायकोचा नियम होता. त्यासाठी दोघं गॅलरीत जाऊन, दार लावून, दात-ओठ खात कुजबुजत. आता दार उघडून शाल्मली ताकाचे दोन पेले घेऊन येऊ लागली. "एक चटका तुझा, तीन पप्पांचे. आधी पप्पा प्या." भांडण तिथेच फिसकटायचं. पोरगी मायाळू झाली, योगिता सुखावली.

डिसेंबरात खैरनारांची भरीत पार्टी झाली. असोद्याजवळच्या मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जात होती आणि झाडून सगळं गोत जमलं होतं. एवढी माणसं एका ठिकाणी आली की काय होतं, ते सांगायला पट्टी लागत नाही. सुलभाताईला पहिल्या पंगतीत बसवलं नाही, चटका. थोरले भाऊ धाकट्याला म्हणाले, "वांगी कच्ची राहिली रे," आणखी एक. शाल्मली या सतरंजीवरून त्या सतरंजीवर धावत होती. आत्याला कांद्याची पात नेऊन दे, नानांच्या गुडघ्याखाली उशी सरकव, काकूंना म्हण, "साडी छान आहे, कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते."

"काय गुणाची पोर आहे, योगिता! नशीब काढलंस," बायका म्हणाल्या. योगिताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या बैलगाडीवर बाकीची पोरं चढून धिंगाणा घालत होती. तिकडे पाहताना योगिताच्या लक्षात आलं की शाल्मलीचं ताट तसंच पडलं आहे, भरिताला बोटही लागलेलं नाही.

"शालू, जेव आणि जा ना खेळायला."

"आत्ता नाही, आई. आत्या अजून गार आहे. आणि रमेशकाकांचं मला कळतच नाहीये, सकाळपासून आवळतंय."

धाकटा दीर रमेश पलीकडे मोठ्याने हसत पत्ते पिसत होता. योगिताने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. शाल्मलीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही?

"बघू ती पट्टी इकडे."

तिने ती स्वतःच्या मनगटावर बांधली. चटके, गारवा, पुन्हा आवळ, सगळं एकदम. तेवीस माणसं हात ओढत होती. आणि त्यात सगळ्यात करकचून आवळत होतं ते नाव तिचं स्वतःचं होतं. योगिताला भडभडून आलं.

"अहो, इकडे या! तेवीस नावं? एवढ्याशा पोरीच्या हातावर?"

भूषणने पट्टी हातात धरली आणि त्याचा चेहरा उतरला. "पण कुणाचं गाळणार होतो गं? ताईला कळलं असतं तर..."

योगिताने पट्टी पर्समध्ये टाकून चेन ओढली. "तुम्ही आधी रमेशभाऊजींजवळ जाऊन बसा."

"काय विचारू?"

"विचारू नका. नुसते बसा."

तो गेला. शाल्मलीला रडू फुटलं. "आई, दे ना! मग मला कळणार कसं?"

"आम्ही सांगू की, तोंडाने."

"तुम्ही? कुणीच सांगत नाही! विचारलं की 'काही नाही' म्हणता. नाना म्हणतात, पप्पा म्हणतात, तू तर सगळ्यांत जास्त."

बैलगाडीवरून हाक आली, "शालू, चल गं!" ती दोन पावलं तिकडे गेली आणि परत फिरली. आईसमोर मांडी घालून बसली, मोकळा हात आईच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिचा चेहरा निरखू लागली.

"सांग मग. आत्ता तुला काय होतंय?"

ते दोन शब्द योगिताच्या ओठांवर आलेच होते. तिने ते गिळले. पण मग सुरुवात कुठून करायची? आणि किती सांगितलं म्हणजे ही पोर आईवर माया करेल, आणि तरीही उठून त्या गाडीवर उड्या मारायला जाईल?