शेजारच्या सीटचा पट्टा

सकाळी सुदर्शनने नेहमीप्रमाणे गाडी पुसली. काचेवरचं दव टिपलं, बॉनेट उघडून कूलंट पाहिलं, चाकांची हवा मीटर लावून तपासली. कळंबला अजून धुकं होतं. शेजारच्या गोठ्यात धारा काढणं चाललं होतं. तो घोडेगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवी, आणि यंत्राच्या बाबतीत अंदाजापेक्षा तपासणीवर त्याचा विश्वास होता.

"माझी एवढी चौकशी करा की कधी," ओट्यावरून वृषाली म्हणाली. तिला नववा महिना लागला होता.

"तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

ते खरंच होतं. उंदरांनी डाव्या सीटचा पट्टा कुरतडला होता आणि उद्या तिला मंचरला तपासणीला न्यायचं होतं. मागे बसलं की तिला मळमळे. कंपनीचा पट्टा यायला वेळ होता, बाजारातला नकली त्याला नको होता. म्हणून काल त्याने हौशीरामच्या भंगारातून, त्याच मॉडेलच्या गाडीचा पट्टा काढून बसवून घेतला होता. "ओरिजनल हाय सर. गाडी नुसती उभी राहून सडली," असं हौशीराम शपथेवर म्हणाला होता.

सुदर्शनने गाडी सुरू केली आणि पट्टा लावण्याची सूचना वाजू लागली. त्याने स्वतःचा लावला. तरी वाजतच राहिली. डाव्या सीटवर कोणी बसलं असेल तरच ती वाजायला हवी होती.

"मी बसून बघते," म्हणत वृषाली आली, टेकली आणि लगेच दाराला धरून उठली.

"काय झालं?"

"अहो, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं."

ती हसली नाही. तो हसला. वायर ढिली असेल म्हणाला, आणि ती घरात गेल्यावर वाकून त्याने रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटक्यात अडकवला.

सूचना थांबली. पण पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. वीतभर पुढे, हवेत, फुगीर राहिला. त्यावर हात दाबून बघायचा धीर त्याला झाला नाही.

त्याने गाडी तशीच भंगाराच्या दुकानी नेली. हौशीराम तिच्याभोवती फिरला. "फुकटचं पॅसेंजर मिळालं म्हणा की, सर!" मग त्याने आत डोकावलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"खरं सांग, हौशीराम. कुठली गाडी?"

"डिंभ्याच्या वरच्या घाटातली. डायवर वाचला. शेजारी वरच्या वाडीतला गेणू बसला व्हता."

"अपघातातला पट्टा बसवू नये, एवढं तुला कळत नाही? काढ तो."

हौशीरामने उचललेला पाना परत ठेवला. "माणूस बसलेला असताना कसा काढू, सर?"

सुदर्शन चिडून निघाला तो घराकडे वळलाच नाही, त्याने वरच्या वाडीचा रस्ता धरला. उद्या या सीटवर वृषाली बसणार होती.

घाटात उजवीकडे धरणाचं पाणी दिसत राहिलं. एका वळणावर त्याने ब्रेक दाबला. शेजारचा पट्टा करकचून ताणला गेला, आणि मग सावकाश सैल झाला.

नंतर त्याने डावीकडे पाहिलं नाही.

वाडीत गेणूच्या पत्नी सोनीबाई अंगणात नाचणी वाळत घालत होत्या. ठरवलेली वाक्यं तो विसरला. गाडी कुठली, पट्टा कुठला, एवढंच कसंबसं सांगितलं. त्या उठून गाडीपाशी आल्या आणि काचेतून बराच वेळ बघत राहिल्या.

"तिसऱ्या दिशी आमी वळणावर गेलो व्हतो," त्या म्हणाल्या. "नारळ फोडला. दिरानं नावानं हाका मारल्या, घरी चल म्हणून. तशी रीत हाय आमच्यात. पर गाडी आधीच खाली नेलेली. रिकाम्या रस्त्याला हाका मारल्या, भाऊ. घरात कुणी आल्यागत वाटलंच न्हाई."

"मग आता बोलवा तुम्ही."

"मी नाव कसं घेऊ त्यांचं?" त्यांनी पदर सारखा केला. "दीर पुण्याला गेलाय. तुमच्या शेजारी बसून आलेत ना? तुमीच बोलवा."

वर्गातली मुलं त्याच्या डोळ्यांपुढे आली. वृषालीचं दाराला धरून उठणं आठवलं.

त्याने डावं दार उघडलं. पट्ट्याचा खटका दाबून सोडला. पट्टा झरकन गेला नाही. कुणी हातात धरून सोडावा तसा हळूहळू वर सरकला.

"गेणूभाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "घर आलं. उतरा."

गाडीची डावी बाजू किंचित वर आली, जड माणूस उतरल्यावर येते तशी.

सोनीबाई दारापाशी पोचल्या होत्या. त्या बाजूला सरकल्या, उंबऱ्यातली वाट मोकळी केली, आणि कुणीतरी आत जाईपर्यंत खाली मान घालून उभ्या राहिल्या.