डावीकडून पहिल्या बाई

"अगं हळू, खिळा काढतेयस की दात?" मामा म्हणाला, पण टाचणीने पक्कड सोडली नाही. शेवटचा खिळा कुरकुरत निघाला आणि जुन्या फ्रेमचा मागचा पुठ्ठा तिच्या हातात आला.

अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून तिचं नाव टाचणी. सुटीत ती मामाकडे यायची, ती मामापेक्षा त्याच्या फ्रेमच्या दुकानासाठी. मामाचा मुलगा भोंगा तिच्याच वयाचा, म्हणजे बारा वर्षांचा. त्याच्या तोंडात तीळ भिजला तर नवल! त्याच्या मागे मागे फिरणारी त्याची आठ वर्षांची बहीण म्हणजे शेपूट. ही तिघं दुकानात असली की मामा दिवसातून दहा वेळा कपाळाला हात लावायचा, आणि ती नसली की दुकान खायला उठतं म्हणायचा.

आजचा फोटो साधासुधा नव्हता. मुलींच्या शाळेतल्या सात शिक्षिका खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या, फोटो ऐंशी वर्षांपूर्वीचा. त्यांतल्या भाषेच्या बाई लेखिकाही होत्या, त्यांची पुस्तकं पुढे खूप गाजली. शनिवारी वाचनालयाच्या दारात त्यांचा ब्राँझचा चेहरा बसणार होता. मूर्तिकाराने याच फोटोवरून साचा केला होता आणि उद्या सकाळी त्यात धातू ओतायचा होता. फोटोची काच तडकली म्हणून तो मामाकडे आला होता.

त्या लेखिकेची मुलगी दुकानाच्या वरच्याच खोलीत राहायची. आयुष्यभर पोस्टात काम केलेलं, म्हणून सगळे त्यांना टपालआजी म्हणायचे. रोज दुपारी त्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायच्या. त्या चार वर्षांच्या असताना आई गेली. आत्याने वाढवलं, आणि वाढवताना रोज ऐकवलं, की तुझ्या आईला कागदच प्यारे होते, तू रडत असायचीस आणि ती लिहीत असायची. घरात आईचा एकही फोटो उरला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी शाळेला हा फोटो सापडला तेव्हा त्यातला लेखिकेचा चेहरा मोठा करून आजींना दिला होता. तो त्यांनी पलंगासमोर लावला होता.

"रोज तिला विचारते, मी रडायचे तेव्हा तू उठायचीस का गं?" आदल्याच दिवशी आजी टाचणीला म्हणाल्या होत्या. "पण आतून काही हलतच नाही बघ. पोटच्या पोरीला आईचा चेहरा बघून काहीतरी वाटायला हवं ना? मीच दगड असेन."

टाचणीला ते ऐकून रात्री जेवण गेलं नव्हतं.

आता तिने फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने एका ओळीत सात विषय लिहिलेले होते: भूगोल, संगीत, शिवण, मुख्याध्यापिका, कवायत, चित्रकला, भाषा. पुढच्या बाजूला खाली शाईची चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर 'डावीकडून' असं लिहून हीच यादी, याच क्रमाने.

"ए, शिवणाच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी का आहे?" शेपटीने विचारलं.

भोंगा म्हणाला, "शिट्टी वाजली की टाका घालायचा, अशी शिस्त असेल."

"आणि कवायतीच्या बाईंच्या गळ्यात मोजपट्टी," टाचणी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने फोटो परत उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा.  भोंग्याने तिला हलवलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, ज्याने हे लिहिलं त्याने प्रत्येकीच्या पाठीमागे तिचा विषय लिहिलाय. मागून वाचलं तर डावीकडचा विषय हा पुढून बघताना उजवीकडच्या बाईंचा. चिठ्ठीवाल्याने मागचं वाचून तसंच पुढे उतरवलं. सगळी ओळ उलटी झाली."

"मग इतक्या वर्षांत कुणाला कळलं कसं नाही?"

"मुख्याध्यापिका मधोमध बसल्यात. मधलं माणूस कुठूनही मोजलं तरी मधलंच. त्या सगळ्यांना ओळखू येत होत्या, त्यांचं बरोबर निघालं, मग बाकीचं कोण बघतंय?"

म्हणजे ब्राँझमध्ये उतरणार होत्या त्या भूगोलाच्या बाई. आणि आजी चाळीस वर्षं त्यांनाच प्रश्न विचारत होत्या.

मामाने सगळं ऐकलं आणि मान खाजवली. समितीचे अध्यक्ष म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चिठ्ठीवरचं वळणदार अक्षर त्यांचंच होतं, आणि सरांना तोंडावर चूक म्हणण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पोरांचं तर ते ऐकूनच घेणार नाहीत, असं मामाचं म्हणणं पडलं.

"आपण काहीच म्हणायचं नाही," टाचणी म्हणाली. "तीच चूक त्यांना पुन्हा करायला लावू."

संध्याकाळी सर फोटो न्यायला आले. तिघं दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून ओळीने उभी होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर नावाचा कागद टाचलेला होता. सर आतल्या बाजूला खुर्चीवर बसले.

"सर, ही नावं ओळीने लिहून द्याल?" टाचणीने मान वळवून विचारलं. "तुमच्यासारखं अक्षर आमच्या बापजन्मी यायचं नाही."

सर खूश झाले. त्यांनी झोकात लिहिलं: भोंगा, टाचणी, शेपूट.

"आता पुढे येऊन बघा ना. डावीकडून पहिला कोण?"

सर रस्त्यावर उतरले. "डावीकडून पहिला भोंगा," त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं. समोर पुढचे दोन दात पडलेली शेपूट हसत होती. मधे टाचणी, ती बरोबर जागेवर. भोंगा दुसऱ्या टोकाला.

सरांनी कागद पाहिला, मुलं पाहिली. मग ते आत आले आणि फोटो उचलून त्यांनी ती शिट्टी पाहिली, मोजपट्टी पाहिली.  "मी तेव्हा नवा होतो," ते हळूच म्हणाले, "घाईत उतरवलं असणार." त्यांनी तिथूनच ओतकामाच्या कारखान्यात फोन लावला आणि धातू ओतू नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत एवढी वर्षं घालवली, पण आज शिकलो, असं ते म्हणाले. भोंग्याने आनंदाने अशी आरोळी ठोकली, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

पण टाचणीला आनंद झाला नव्हता. डावीकडून पहिल्या बाई, म्हणजे खऱ्या लेखिका, तिने दुपारीच पाहिल्या होत्या. फोटो काढताना त्या ऐन वेळी हलल्या होत्या. सहा चेहरे स्वच्छ आणि सातवा नुसता पुसलेला.

आजींना खाली बोलावलं. सरांनी हात जोडून चूक कबूल केली. आजींनी भिंग धरून फोटो पाहिला, खूप वेळ पाहिला.

"म्हणजे ती नव्हतीच ही," त्या म्हणाल्या. "आणि ही आहे, तर हिला तोंडच नाही."

 हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून मामाने काम सुरू केलं. फोटोच्या चारी कडांवर जाड पुठ्ठ्याची चौकट चिकटवलेली होती, तीही कुजली होती. पातळ सुरी सरकवत त्याने ती अलगद सोडवली. चौकटीखाली झाकलेली पट्टी बाकीच्या फोटोपेक्षा गडद निघाली, कारण तिला ऐंशी वर्षांत ऊन लागलं नव्हतं.

"मामा, इथे कुणीतरी आहे," टाचणी म्हणाली.

डाव्या कडेला, लेखिकेच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, दोन-तीन वर्षांचं एक मूल उभं होतं. तोंड उघडं, रडणारं. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. चौकट बसवणाऱ्याने फोटो नीटनेटका दिसावा म्हणून त्याला झाकून टाकलं होतं.

आजींनी भिंग खाली ठेवलं आणि आपला डावा हात टेबलावर पसरला. मनगटापासून वर कातडी आवळलेली, जुन्या भाजल्याची. टाचणीने तो हात इतका उघडा कधी पाहिला नव्हता.

"मी तीन वर्षांची होते. आत्या म्हणायची, आई लिहीत बसली म्हणून भाजलं," आजी म्हणाल्या. "घरी टाकून नव्हती गेली. बरोबर नेलं होतं मला." त्यांचं बोट त्या पुसट चेहऱ्यापाशी गेलं. "मी रडले आणि ही वळली."

मग त्या रडल्या. मोठ्या माणसाला असं रडताना टाचणीने पाहिलं नव्हतं, आणि शेपूट तर भोंग्याला घट्ट धरून उभी राहिली. थोड्या वेळाने आजींनी डोळे पुसले. "त्या भूगोलाच्या बाईंना मी काय काय बोलले असेन," त्या म्हणाल्या आणि जरा हसल्या.

शनिवारी वाचनालयाच्या दारात चेहऱ्याऐवजी तो अख्खा फोटो लागला, मुलासकट, चौकटीशिवाय. सरांनी भाषणात तिघांची नावं घेतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाचणी शेवटच्या रांगेत आजींशेजारी बसली होती.

समारंभ झाल्यावर आजींनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. आईचं पहिलं पुस्तक. रागाने त्यांनी ते आयुष्यात कधी उघडलंच नव्हतं, आणि आता भिंगातूनही अक्षरं लागत नव्हती.

"तू वाचशील?" त्यांनी विचारलं.

पुस्तकाची पानं तीनशे बारा होती आणि टाचणीच्या सुटीचे सहाच दिवस उरले होते. तिने पहिलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच आजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "ती पहिल्यांदाच बोलतेय माझ्याशी."