समुद्राने परत केलेले दात

समुद्र माणसाची सगळी दुःखं पोटात घेतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी समुद्रात कधी काही टाकून पाहिलेलं नसावं. आमच्या दंतवैद्य बाईंनी टाकलं, घटस्फोटित नवऱ्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राने तो स्वच्छ धुऊन किनाऱ्यावर आणून ठेवला.

नव्या नवलाईत नवऱ्याची दाढ बाईंनीच बसवली होती, त्या वेळचा हा साचा. वेगळं होताना त्याने फ्रिज नेला, मांजर नेलं; दात तेवढे राहिले. आणि राहिलं एक वाक्य : “माझ्याशिवाय तू बुडशील.” म्हणून बाईंनी मुद्दाम समुद्रकाठच्या या गावात दवाखाना थाटला, आणि घोटाभर पाण्याच्या पुढे काही गेल्या नाहीत.

साचा सापडला नेमका जीवरक्षकाला. गाव त्याला शिट्टी म्हणे. ओल्या वाळूतून अख्खी बत्तिशी हसताना पाहून त्याने शिट्ट्या फुंकून किनारा रिकामा केला, लाल बावटा रोवला. बाईंना पुढे यावंच लागलं.

“माझे आहेत.”

शिट्टीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “तुमचे तर जागेवर दिसतात.”

“नवऱ्याचे. म्हणजे... पूर्वीच्या.”

तो दोन पावलं मागे सरकला. “आणि... बाकीचा नवरा?”

लाटांशी झुंजणारा हा आडदांड माणूस प्लास्टरच्या जबड्याला घाबरलेला पाहून बाई कित्येक महिन्यांनी खळखळून हसल्या. खुलासा ऐकून तोही हसला – आणि गाल धरून कळवळला. बाईंच्या नजरेने दाढ टिपली. ही किडकी दाढ घेऊन तो वर्षभर एकाच बाजूने जेवत होता. दवाखान्याच्या खुर्चीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

“तुम्ही कुणाचा हात न धरता पाण्यावर तरंगलात, की मी तोंड उघडतो,” तो म्हणाला. घोटाभर पाण्यात थरथरणाऱ्या बाईशी केलेला सौदा; त्याला वाटलं, सुटलो.

शिकवणी सुरू झाली. बाई त्याचा दंड असा धरत, की नखांचे ठसे संध्याकाळपर्यंत मिरवावे लागत. अंग सैल सोडा, तो सांगे. मीही पेशंटना हेच सांगते, त्या म्हणत. पेशंटना जमतं का, असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, नाही. समुद्रात उतरण्याआधी हा गृहस्थ भांग पाडू लागला, तेव्हा गावाने काय ते ओळखलं. फोनवर मोठी बहीण रोज विचारी, पाणी कुठवर आलं. गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. एकदा ताईने विचारलं, “आणि तो कुठवर आला?” बाईंच्या फोनची रेंज तेव्हाच गेली.

मग एका सकाळी बाई पाण्यावर आडव्या झाल्या. पाठीखाली त्याचा तळवा, वर एक आळशी ढग. कान पाण्याखाली गेले... आणि नवऱ्याचं ते वाक्य पहिल्यांदाच ऐकू येईना.

“हात काढू नका हं,” त्या पुटपुटल्या.

डोळे वळवले, तर शिट्टी चांगला लांब, दोन्ही हात वर करून उभा, पोलिसांनी पकडल्यासारखा.

“कधी काढलात?”

“मघाशीच... तुम्ही ढग बघत होतात तेव्हा.”

हे ऐकून बाई बुडाल्या. पण थोड्याच, आणि ठसकत, शिंकत, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

तो जवळ आला. पाण्याकडेच बघत म्हणाला,

“डॉक्टर, आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही. तरी... उद्या याल?”

“कशाला?”

“तुम्ही नसलात, की हे सगळं... नुसतं पाणी वाटतं मला.”

बाईंचे डोळे भरून आले. खारं पाणी असेल. त्यांनी त्याचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याने डोळे मिटले. लाटासुद्धा जरा दबकून येऊ लागल्या.

“येईन,” बाई अगदी हळू म्हणाल्या. “रोज येईन. आता जरा आ करा.”